भिंतीकडे तोंड

काकांच्या नावाचा दगड घडवून तयार होता. सकाळी तो कबरीच्या डोक्याशी उभा करायला पाथरवट पुतण्या खड्डा खणू लागला आणि मध्येच थबकला. काकांचे डोके या बाजूला नव्हतेच.

तिथल्या ख्रिस्ती माणसांची जुनी रीत होती की मृताचे पाय पूर्वेकडे ठेवायचे. शेवटच्या सकाळी प्रभूची हाक येईल, तेव्हा उठून उभे राहताच तोंड उजेडाकडे असावे. नेहमीच्या फाटकातून शवपेटी आणली की हे आपसूक साधे. काकांच्या वेळी मात्र त्या फाटकाची डागडुजी चालू होती. पेटी मागच्या फाटकातून आली, तशीच खाली उतरली, आणि रडण्याच्या भरात कुणाच्या काही ध्यानात आले नाही. डोक्याकडचा भार पुतण्याच्याच खांद्यावर होता, म्हणून आज त्याला आठवले. काका उठतील ते कब्रस्तानाच्या पश्चिमेकडच्या भिंतीकडे तोंड करून.

खरे तर त्या सकाळची खात्री त्याला स्वतःलाच उरली नव्हती. पोरक्या पोराला काकांनी वाढवले होते, हाती छिन्नी दिली होती. त्यांना मातीआड केल्यापासून प्रार्थनेचे शब्द त्याच्या ओठांवरच सुकून जात. पण काकूची सारी भिस्त त्या सकाळवर होती. हे ऐकून ती खचली तर? तरी लपवणे त्याला जमले नाही. त्याने आधी फादरना गाठले. देवाला दिशांची अडचण नसते, ते म्हणाले. पण काकूंच्या मनाला लागत असेल तर कबर उघडू.

काकू कबरीपाशी आली, फादरही तिथे होते. पुतण्याने खाली मान घालून सगळे सांगितले. ती पदराने डोळे पुसावे लागेपर्यंत हसली.

"निदान इथे तरी वाट चुकणार नाहीत असं वाटलं होतं मला. लग्नाच्या दिवशी दुसऱ्याच चर्चमध्ये जाऊन बसले होते, फादर."

"उघडायची का कबर, काकू?" पुतण्याने विचारले.

"राहू दे. निजलेल्या माणसाला कशाला हलवायचं?"

मग ती कबरीच्या पायथ्याशी गेली. तिथे आणि भिंतीच्या मध्ये एका कबरीपुरती जागा मोकळी होती. फादरनी आठवण करून दिली की तिची जागा काकांच्या शेजारी राखलेली आहे.

"शेजारी नको. मला इथे ठेवा, पाय रीतीप्रमाणे पूर्वेकडे. डोळे उघडले की ह्यांना भिंतीच्या आधी मी दिसेन. मग मी वळवते त्यांना. जन्मभर तेच तर केलंय."

पाहुण्यांना उतरवून घ्यायला कोण जाणार हे घरात ठरवावे, तशा सुरात ती बोलत होती. पुतण्या तिच्याकडे पाहत राहिला. ज्या सकाळसाठी त्याला साधा शब्द सुचत नव्हता, तिच्यासाठी काकूने जागासुद्धा पाहून ठेवली होती.

"तू ह्यांच्या जागी उभा राहा रे जरा. दिसतं का बघू."

तो डोक्याच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. समोर भिंतीशी काकू उभी होती. ऊन त्याच्या पाठीवर होते. काकू कबरीच्या कडेकडेने सावकाश चालत आली, त्याचे दोन्ही खांदे धरले आणि त्याला वळवले. उजेडाने त्याचे डोळे दिपले.

"असं," ती म्हणाली.

तिने हात काढून घेतल्यावरही तो पुष्कळ वेळ तसाच उभा राहिला.