माझ्यातली जस्ताची जागा

मित्रांनो, मी डोळ्यांना दिसत नाही. दिसते ती वीतभर लांबीची पारदर्शक डबी आणि तिच्यात भरलेल्या केसासारख्या बारीक, पोकळ नळ्या. त्या नळ्यांना बाहेरून चिकटून मी बसलो आहे. मी एक जुने विकर आहे. काही जण मला एन्झाइम म्हणतात. प्रयोगशाळेतल्या फ्रीजच्या तळच्या कप्प्यात, कुणाच्या तरी विसरलेल्या पाण्याच्या बाटलीमागे माझा मुक्काम असतो.

तुमच्या रक्तातही माझे नातेवाईक आहेत. शरीरात तयार होणारा कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, रक्तातून फुप्फुसांकडे जातो आणि श्वासाबरोबर बाहेर पडतो. रक्तात विरघळताना तो रूप बदलतो आणि बाहेर पडताना पुन्हा वायू होतो. हे आपोआपही होते, पण फार सावकाश. आम्ही ते पापणी लवेपर्यंत हजारो वेळा करतो.

माझी रचना सांगतो. एक लांब माळ डोळ्यांसमोर आणा. ती गुंडाळून तिचा गोळा झाला आहे. गोळ्यात एक खोल खळगा आहे आणि खळग्याच्या तळाशी जस्ताचा एकच कण. माळेचे तीन मणी त्याला तीन बाजूंनी धरून ठेवतात. चौथ्या बाजूला पाण्याचा एक रेणू टेकलेला असतो. सगळे काम तिथेच चालते. बाकीचा मी त्या कणाला बसायला जागा मिळावी म्हणूनच आहे, असे म्हटले तरी चालेल.

मला एका संशोधक बाईंनी बनवले. सगळे त्यांना नुसते बाई म्हणत. रक्तातले मूळ विकर यंत्रात फार दिवस टिकत नाही. म्हणून बाईंनी माळेतले काही मणी बदलले. अशी बदललेली माळ बनवायची कृती त्यांनी जिवाणूंमध्ये घातली आणि जिवाणूंनी मला मोठ्या काचेच्या भांड्यात तयार केले. मी उष्णता सोसू लागलो, नळ्यांना घट्ट चिकटून राहू लागलो. एक गोष्ट मात्र बिघडली. जस्तावरची माझी पकड थोडी ढिली झाली.

"दिसायला धडधाकट, पण मूठ कच्ची," बाई म्हणायच्या. तरी त्यांना माझे कौतुक होते. पाहुणे आले की त्या मला आधी दाखवत.

फुप्फुसे थकलेल्या माणसाचे रक्त माझ्या डबीतून फिरवायचे, त्यातला कर्बवायू मी मोकळा करायचा, आणि पोकळ नळ्यांतून वाहणाऱ्या हवेने तो बाहेर न्यायचा, असे माझे काम ठरले होते. माणसांवर चाचणी करायला परवानगीही मिळाली होती.

शेजारच्या रुग्णालयात एक काकू होत्या. त्या घरी शिवणकाम करत. त्यांच्या घशात श्वासाची नळी घातली होती, त्यामुळे त्यांना बोलता येत नव्हते. त्यांचे पती लिफ्ट दुरुस्त करत. ते कामावरून थेट येऊन खाटेजवळ बसत. डॉक्टर त्यांना म्हणाले की कर्बवायू बाहेरून काढता आला, तर घशातली नळी काढून बघता येईल. फुप्फुसे बरी होतील असे काही ते म्हणाले नाहीत.

"बोलता येईल तिला?" काकांनी एवढेच विचारले.

"येईल."

"मग करा."

तयार डबी एकच होती. ती मी.

त्याच सुमारास बाईंच्या हाताखाली एक नवी मदतनीस आली होती. शेजारच्या खोलीत डीएनए साठवत, तिथून ती आली म्हणून तिचे नाव शेजारीण पडले. डीएनएच्या पाण्यात धातू राहिला तर डीएनए तुटू शकतो. म्हणून तिकडे पाण्यात धातू ओढून घेणारे द्रावण घालायची शिस्त होती. शेजारणीच्या हाताला तीच शिस्त लागलेली. सुट्टीवर जाण्याआधी तिने मला फार काळजीने त्याच द्रावणात बुडवून ठेवले.

सुट्टी संपेपर्यंत त्या द्रावणाने माझे जस्त नेले. दुखले काही नाही. मी होतो तसाच राहिलो. तोच गोळा, तोच खळगा, तेच तीन मणी पुढे झालेले, आणि मध्ये कुणी नाही.

रुग्णालयात न्यायच्या आधी माझी तपासणी झाली. निळ्या पाण्यात कर्बवायू सोडला की मी ते बघता बघता पिवळे करायचो.

"काय झालं गं?"

"अजून निळंच आहे, बाई."

"परत कर."

पुन्हा तेच. बाईंनी डबी उजेडात धरली. "ह्याला कशात ठेवलं होतंस?"

"आपल्या नेहमीच्या... म्हणजे तिकडच्या नेहमीच्या..." शेजारीण मध्येच थांबली. तिच्या लक्षात आले होते. "मी मारलं का ह्याला?"

"पाहुणा म्हणून ठेवून घेतलंस आणि त्याचे खिसे रिकामे केलेस," बाई म्हणाल्या. "रडायचं ते नंतर. आधी जस्त आण."

"बसेल परत?"

"जागा मोडली नसेल तर बसेल. मोडली असेल तर त्या काकूंना नाही म्हणून सांगावं लागेल. ते तू सांगणार का मी?"

त्यांनी मला धुतले आणि जस्त विरघळवलेल्या पाण्यात ठेवले. दोघी जेवायलाही गेल्या नाहीत. जागा मोडली नव्हती. जस्ताचा कण आला आणि खळग्यात बसला. निळे पाणी झटकन पिवळे झाले, तेव्हा बाई खुर्चीत बसल्या आणि चप्पल काढून त्यांनी पाय चोळले. डॉक्टरांना त्यांनी झालेले सगळे सांगितले. डॉक्टरांनी स्वतः तपासून घेतले, मगच मला रुग्णालयात नेले.

काकूंच्या खाटेशेजारी मला टांगले. रक्त फिरू लागले. दुसऱ्या दिवशी घशातली नळी निघाली. काकूंचा आवाज खरखरीत होता.

"अहो, शर्टाचं बटण खालीवर लागलंय."

काका बघतच राहिले. "आज?"

"रोज. मी इथे आल्यापासून रोज."

"मग हाताने दाखवायचंस."

"दाखवतच होते. तुम्ही पाणी आणत होतात."

काका हसता हसता बटणे काढू लागले आणि पुन्हा चुकीची लावली. मग काकूंनीच हात वर करून ती नीट लावली.

त्यानंतर त्या खूप बोलल्या. कुणाचा ब्लाउज अर्धा राहिला आहे, मिक्सरचे झाकण कसे बसवायचे, थोरल्या नणंदेला काय सांगायचे नाही. काका म्हणत, "दम लागेल, थांब जरा." त्या म्हणत, "थांबलेच होते की इतके दिवस."

पण फुप्फुसे बरी करणे माझ्या हातात नव्हते. एका सकाळी काकू गेल्या. माझ्यात किती जोर उरला ते बघण्यासाठी मला परत आणले. पुढे बाईंनी घट्ट मुठीची नवी विकरे बनवली आणि मी बाटलीमागे गेलो.

परवा प्रयोगशाळेच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली. दुरुस्तीला काका आले. काम झाल्यावर दारात उभे राहून म्हणाले, "ते डबीवालं आहे का अजून?"

शेजारणीने मला बाहेर काढले. काकांनी मला दोन्ही हातांत धरले. "गार आहे," ते म्हणाले. माझी रिकामी जागा भरायला बाईंकडे जस्ताचे पाणी होते. काकांसाठी तसले काही फडताळात नव्हते.

शेजारीण त्यांच्याकडे बघत होती. जराशाने हळूच म्हणाली, "काका, बटण खालीवर लागलंय."

काकांनी मला टेबलावर ठेवले. खाली मान घालून त्यांनी सगळी बटणे काढली आणि वरपासून एक एक करून नीट लावली.

"आता?"

"आता बरोबर."

"येत जाईन," ते म्हणाले. "लिफ्ट चालू असली तरी."

मित्रांनो, काम बंद पडलेली वस्तू टाकण्याआधी तिच्यातून काय निघून गेले आहे ते बघा. कदाचित जागा शाबूत असेल. आणि एखाद्या माणसाचे बटण खालीवर लागलेले दिसले, तर संकोच करू नका. त्याला सांगा. घरी सांगणारे कुणी उरले नसेल.