सदुसष्ट, सुरक्षिततेसाठी

चौथ्या सॉफ्टवेअरनेही पासवर्ड मागितला, तेव्हा लिफ्ट तपासनिसाने माउस उचलून टेबलावर आपटला.

"त्या बिचाऱ्याने काय घोडं मारलंय तुमचं?" बायकोने इस्त्री न थांबवता विचारलं.

"घरखर्चाचा अंदाज घरातच बांधायचा म्हटलं, तर याला पासवर्डसाठी माझा मोबाइल नंबर हवा. आधीच्याला दरमहा पैसे हवेत. काटकसर शिकवायला, दरमहा!"

महिनाअखेर तो निवृत्त होणार होता. खात्याने आणखी दोन वर्षं कंत्राटावर थांबता का म्हणून विचारलं होतं, आणि उत्तर उद्या द्यायचं होतं. चौतीस वर्षं लिफ्टच्या बोगद्यांतून चढउतार करून त्याचे गुडघे कामातून गेले होते. राहत्या इमारतीला अर्थातच लिफ्ट नव्हती. नकार द्यायचा तर पैसे पुरायला हवेत. पुरतात का, ते सॉफ्टवेअर सांगणार होतं. फक्त ते स्वस्त हवं, आणि इंटरनेटवाचून चालायला हवं.

पाचवं त्याने संगणक दुरुस्त करणाऱ्या बाईंकडून पेनड्राइव्हवर आणलं होतं. किंमत चपलांच्या एका जोडाएवढी, तीही एकदाच. त्याने इंटरनेटची वायर उपटली. चाललं. पुन्हा लावून पुन्हा उपटली. तरी चाललं. तो संशयानेच खुर्चीत बसला.

निवृत्तिवेतन, ठेवी, किराणा, औषधं, सगळं भरून झालं. मग पडद्यावर प्रश्न आला: दोघं किती वयापर्यंत जगाल? आजवर कुणी त्याला हे इतक्या सभ्यपणे विचारलं नव्हतं. त्याने क्षणभरही न थांबता दोन आकडे टाकले.

आलेख या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवागार आला.

"बसलं! उद्या नाही म्हणून कळवतो."

बायकोने इस्त्री उभी केली आणि येऊन त्याच्या खांद्यावरून पाहिलं.

"सात वर्षांनी खर्च एकदम खाली कसा आला? काय बंद केलंत?"

"मला."

ती वाकली. त्याच्या नावापुढे सदुसष्ट होतं.

"सुरक्षिततेसाठी," तो म्हणाला. "दोर पाच वर्षं टिकेल असं वाटलं, तर आम्ही तीन लिहितो. कमीच लिहायचं असतं. माझी एकही लिफ्ट पडलेली नाही."

"आणि मी?"

"तुला पंच्याण्णव दिलीत. तुझ्या आईकडे पाहून."

"म्हणजे तीस वर्षं मी एकटी. आणि हे म्हणतंय हिरवं!" तिने त्याची खुर्ची त्याच्यासकट बाजूला ढकलली. "शेजारी विचारतील, तुमचे हे कशाने गेले? सांगते, बजेटमध्ये बसत नव्हते."

तिने सदुसष्ट खोडून नव्वद टाकलं. त्याच्या एक्याऐंशीव्या वर्षापासून पुढचा आलेख लालभडक झाला.

त्याने खुर्ची पुन्हा जवळ ओढली.

"बरं, मग चढतो दोन वर्षं आणखी," तो म्हणाला. "त्यात काय." त्याचा हात आपसूक गुडघ्यावर गेला होता. तिने ते पाहिलं.

मग ती स्वतःच्या आकड्याकडे वळली. चौऱ्याण्णव. त्र्याण्णव. एकेक वर्ष ती शांतपणे खाली उतरवत होती. एकोणऐंशीला लाल गेलं.

"झालं. बसलं."

"तुझं कमी करायचं नाही!" तो इतक्या जोरात ओरडला की वरच्या मजल्यावरचं कुणीतरी फरशीवर काठी आपटून गेलं.

"का? सुरक्षिततेसाठी."

"अगं, पण तुझ्यात काय बिघाड आहे?"

"तुमच्यात काय होता?"

त्याने तिच्या हातातून माउस हिसकावून घेतला आणि तिचे पंच्याण्णव परत केले. लाल परत आलं. दोघं त्याच्याकडे डोळे वटारून बघत राहिले. लाल काही हललं नाही.

तिने माउस परत घेऊन 'जतन करा' दाबलं. एक चौकट उघडली: शिल्लक पुरणार नाही. तरीही जतन करायचं आहे का?

"हा कोण विचारणारा?" ती म्हणाली आणि 'हो' दाबलं.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "उद्या काय कळवू?"

"नाही म्हणून."

"आणि एक्याऐंशीव्या वर्षी?"

"तेव्हा भांडू."