हर्लानचं नाव

“हा कुणी रोवला इथे?”

माझ्या बायकोचा, अल्बिनाचा आवाज आला तेव्हा मी माझ्या बापाच्या थडग्याला चुना लावत होतो. वळून बघेपर्यंत तिने तो उपटलासुद्धा होता. हातभर उंचीचा क्रूस, नवा कोरा, घासून गुळगुळीत केलेला. गुडघ्यावर धरून तिने तो मोडायला घेतला. मोडेना, तेव्हा कुंपणापलीकडच्या गवतात भिरकावून दिला.

हेन्ली बिचारा टोपी हातात घेऊन उभा. आमच्या चर्चमधला हा सगळ्यात जुना वडीलधारा, सुतारकाम करतो. म्हणाला, “पासिनबाई, मी आपलं चांगल्या मनानं केलं हो. पोराची काहीतरी खूण असावी...”

“खूण मेलेल्याची करतात.”

“तसं नाही...”

“मग कसं? तुझा पोरगा घरी बसून भात चापतोय ना? आधी त्याची खूण कर.”

हेन्लीने माझ्याकडे बघितलं. सगळे शेवटी माझ्याकडेच बघतात. मी इथला पासिन, म्हणजे चर्चचा पाळक. गावात मला दुसरं नाव उरलेलं नाही, सुनेच्या तोंडीसुद्धा तेच. अशा वेळी पासिनने काहीतरी शहाणपणाचं बोलायचं असतं. मी चुन्याची बादली उचलली आणि पुढच्या थडग्याकडे गेलो.

दुसऱ्या दिवशी पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर होता. आदल्या दिवशी सगळं गाव दफनभूमीत येतं, गवत काढतं, थडगी पांढरी करतं. रविवारी पहाटे आम्ही समुद्राकडे तोंड करून थडग्यांमध्ये उभे राहतो आणि मागच्या पुनरुत्थानापासून जे कोणी गेले त्यांची नावं मी एकेक करून घेतो. नाव घेतलं की त्या घरातल्या मोठ्या बाईने म्हणायचं, “प्रभूपाशी.” ज्याचं प्रेत हाती लागत नाही त्याचं हेच दफन. इथल्या समुद्राला खायची सवय आहे, तेव्हा अशी दफनं मी पुष्कळ केली आहेत. नाव घेतलं की माणूस मेला. मग बायकांनी डोक्यावरून फडकं ओढायचं आणि मोठमोठ्याने रडायचं. नाव घेतलं नाही तर बायको बायकोच राहते, आई वाट बघते आणि त्या घरात कुणी रडायचं नाही. रडणं म्हणजे जिवंत माणसाला ढकलून देणं.

आमचा पोरगा हर्लान सप्टेंबरात गेला. पाठीला हवेची टाकी बांधून शेवंडी धरायला उतरला तो वर आला नाही. होडीत त्याचा चुलतभाऊ बसला होता. तो सांगतो, पाण्यावर बुडबुडे येत होते, मग यायचे थांबले. बाकीचे पाणबुडे त्यांच्या टाक्या संपेपर्यंत खाली शोधत राहिले. घरी आला तो होडीत काढून ठेवलेला शर्ट. अल्बिनाने तो धुतला, घडी घातली, आल्यावर लागेल म्हणून खुंटीजवळच्या फळीवर ठेवला. मग रडायची सगळी फडकी पेटीत घातली आणि किल्ली कमरेला लावली.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. आमच्या घरी बुडाला एक, काडी धरून बसली दुसरी.

तिची काडी म्हणजे कोर्नेलियो दामा. दामा म्हणजे आजोबा, सगळं गाव त्याला तेच म्हणतं. हा म्हातारा तरुणपणी वादळात होडीसकट वाहून गेला होता. कुठल्याशा जहाजाने उचलला, परमुलखात नेऊन सोडला, कागद नाहीत म्हणून तुरुंगात पडला. इकडे तेव्हाच्या पासिनने त्याचं नाव घेतलं, त्याच्या बायकोने “प्रभूपाशी” म्हटलं. आणि एक दिवस हा बाबा गाठोडं घेऊन रस्त्याने चालत आला! निम्मं गाव जंगलात पळालं. बायकोने तोवर दुसरा घरोबा केला होता. तिने याला पोटभर जेवायला घातलं आणि पाठवून दिलं. तेव्हापासून तो चर्चच्या मागच्या खोपटात राहतो, घंटा वाजवतो. आमच्या गावात मेलेला माणूस घंटा वाजवतो, म्हणून उपासनेला कुणी झोपा काढत नाही, असं लोक म्हणतात.

अल्बिना तरातरा त्याच्याकडे गेली. तो उकिडवा बसून चुना कालवत होता.

“दामा, सांग या लोकांना. तुझं नाव घेतलं होतं की नाही?”

“घेतलं होतं.”

“तरी आलास की नाही?”

“आलो.”

“ऐकलंत?” ती सगळ्यांकडे वळली. “ऐका! कान उघडे ठेवा जरा.”

म्हाताऱ्याने कुंचला बादलीच्या काठावर निथळवला. “पोरी,” तो म्हणाला, “मी होडीत होतो. तुझा पोरगा होडीच्या खाली होता.”

अल्बिनाने वाकून त्याची बादली उचलली आणि त्याच्या डोक्यावर पालथी केली. म्हातारा केसांपासून पायांपर्यंत पांढराफेक. जागचा हललासुद्धा नाही.

“चुना डोळ्यांत जातोय गं,” एवढंच म्हणाला.

“जाऊ दे! फुटू देत तुझे डोळे!” ती ओरडली आणि ओरडता ओरडताच गुडघ्यांवर बसली, कुणाच्या तरी घागरीतलं पाणी घेऊन त्याचे डोळे धुवायला लागली, घागऱ्याच्या टोकाने पुसायला लागली. “मेल्या, मिटून ठेव ना. उघडतोस कशाला? अक्कल नाही तुला, मरूनसुद्धा आली नाही.” डोळे स्वच्छ झाल्यावर ती उठली आणि कुणाकडे न बघता घरी गेली.

मीही थोड्या वेळाने गेलो. मागच्या दारी नेलिसिया, माझी सून, नारळ खवत बसली होती. छोटी लोइडा झोळीत झोपली होती. बाप गेला तेव्हा ती रांगत होती. आता घरभर धावते.

“पासिन,” नेलिसिया मान वर न करता म्हणाली, “उद्या त्याचं नाव घ्या.”

“तुझ्या सासूने मला बजावलंय...”

“ठाऊक आहे. तुम्ही दोघं कुजबुजता ते पलीकडच्या घरात ऐकू जातं.” ती खवत राहिली. “पासिन, मला रडायचंय हो. मागे एकदा डोळ्यांत पाणी आलं तर आई धावून आल्या, त्याला मारू नकोस म्हणून. मी म्हटलं, कांदा चिरतेय. तेव्हापासून रोज चिरते. गरजेपेक्षा जास्त चिरते. रश्शात किती कांदा असतो, तुमच्या जिभेला कळलं नाही?”

“मला वाटलं, यंदा पीक चांगलं आलंय.”

ती हसली. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा हसली असेल. मग तोंड फिरवून म्हणाली, “मला दुसरा घरोबा करायचाय असं समजू नका. उद्या करेनही, मी काही म्हातारी झाले नाही. पण आधी हा नीट मरू दे ना! असा अधांतरी किती दिवस ठेवायचा त्याला? स्वप्नात येतो तेव्हासुद्धा ओला असतो.”

दुसऱ्याच्या घरी मी मोठा शहाणा. मूल गेलेल्या आईचं कोपर धरून तिच्या कानात शब्द सांगणारा मी, आणि ती तो शब्द म्हणेपर्यंत थांबणारा मी. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हे मला म्हातारपणी कळलं. सप्टेंबरपासून मी देवाशी बोललेलो नाही. बोलतो ते लोकांसाठी, मोठ्याने, व्यासपीठावरून. एकटा असलो की डोळ्यांसमोर येशूचा शिष्य पेत्र येतो. पाण्यावरून चालायला निघाला, बुडायला लागला, ओरडला आणि प्रभूने हात देऊन वर ओढला. ओरडता आलं म्हणून वाचला. तोंडात हवेची नळी असलेल्या माणसाने कशी हाक मारायची?

दिवेलागणीला अल्बिना माझा पांढरा झगा इस्त्री करत होती. निखाऱ्यांची इस्त्री, ती फुंकत होती.

“योना माशाच्या पोटातून आला की नाही?” ती म्हणाली.

“आला.”

“तुमच्याच पुस्तकात आहे. मी नाही लिहिलेलं.”

“अल्बिना, नेलिसियाचा तरी विचार कर. पोर वाळत चाललीय.”

“तिला दुसरा नवरा मिळेल. मिळू दे, माझं काही म्हणणं नाही. मला दुसरा हर्लान कोण देणार? तुम्ही देणार?” तिने इस्त्री आपटली. “नाव घ्यायचं असेल तर खुशाल घ्या. उत्तर मी देणार नाही. आणि या घरातली मोठी मी आहे.”

मीही बाप आहे गं, असं म्हणावंसं वाटलं. पण तिने झगा माझ्या अंगाला लावून बघितला, खांद्यावरची सुरकुती हाताने साफ केली, आणि मी तिच्या हातातून झगा घेऊन खुंटीला लावला.

पहाटे कोर्नेलियोने घंटा दिली. अंधार विरत होता. आम्ही गात गात दफनभूमीत गेलो आणि थडग्यांमध्ये उभे राहिलो. चुन्यामुळे थडगी आधी दिसत होती, माणसं नंतर. ज्यांच्या घरचं नाव यायचं होतं त्या बायकांच्या खांद्यांवर फडकी होती. अल्बिना पुढे उभी होती, डोक्याला रविवारचा पांढरा रुमाल बांधून, खांदे मोकळे. शेजारी नेलिसिया, कडेवर लोइडा.

मी नावं घेऊ लागलो. हेन्लीची बहीण. “प्रभूपाशी.” बाळंतपणात गेलेली मर्लिंडा. तिची आई म्हणाली, “प्रभूपाशी.” साप चावलेला एक शेतकरी. तापाने गेलेलं एक लेकरू. रडण्याचे आवाज एकेक करून चढत गेले. मग नावं संपली, आणि गाव गप्प झालं. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी नेलिसियाकडे. ती खालचा ओठ दातांत धरून उभी होती.

“हर्लान,” मी म्हणालो. इतरांची पूर्ण नावं घेतली होती, माझ्या पोराचं एवढंच आलं.

अल्बिना हलली नाही. लाटांचा आवाज तेवढा येत होता.

“तुम्ही म्हणा,” ती म्हणाली, मोठ्याने नाही, पण सगळ्यांनी ऐकलं. “प्रभू तुमचा आहे. पोरगा कुणापाशी आहे ते तुम्हीच सांगा.”

एकच शब्द. जन्मभर लोकांच्या तोंडात घातलेला. मी तोंड उघडलं आणि मला फक्त पाणी दिसलं. हिरवं, खोल, बुडबुडे थांबलेलं पाणी. त्यात कुणी नव्हतं. मी तोंड मिटलं.

तेवढ्यात नेलिसिया कोसळली. लोइडा तिच्या हातातून सुटून गवतात बसली आणि तिने भोकाड पसरलं. नेलिसियाच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो एवढे महिने त्या बारक्या पोरीत कुठे मावला होता कोण जाणे. ती नवऱ्याला हाका मारत होती, शिव्या देत होती, “कशाला गेलास रे मेल्या, कशाला उतरलास,” म्हणत कपाळ मातीवर आपटत होती. अल्बिना तिच्याकडे वळली. मला वाटलं, आता ही तिचं तोंड दाबणार. मी एक पाऊल पुढेही टाकलं.

अल्बिनाने आपल्या डोक्याचा रुमाल सोडला. तो झटकला, नेलिसियाच्या डोक्यावरून, तोंडावरून पांघरला, आणि पिठाचा गोळा फुगायला ठेवताना झाकतात तशा त्याच्या कडा दोन्ही बाजूंनी खोचल्या. मग लोइडाला उचलून घेतलं. गावाने तिला कधी उघड्या डोक्याने बघितलं नव्हतं. केस किती पांढरे झाले होते, ते मलाही तेव्हाच दिसलं. ती रडली नाही. समुद्राकडे बघत पोरीला थोपटत राहिली.

कोर्नेलियो माझ्याजवळ आला. भुवयांत अजून चुना होता. “पासिन,” तो हळूच म्हणाला, “सूर्य आला. लोक थांबलेत.”

“प्रभू उठला आहे,” मी म्हणालो. माझं कामच आहे ते.

“खरोखर उठला आहे,” गाव म्हणालं.

अल्बिनाचे ओठ हलले नाहीत. हर्लानच्या नावाला उत्तर मिळालं नाही ते नाहीच.

लोकांशी हात मिळवून, म्हाताऱ्यांची विचारपूस करून, मी उशिरा घरी पोचलो. आत रडणं चालू होतं, शेजारणी नेलिसियाला धरून बसल्या होत्या. पेटी उघडी होती, फडकी वाटून झाली होती. फळीवरचा शर्ट तसाच होता. अल्बिना कुठे दिसेना. मागच्या दारी गेलो तर ती पायरीवर बसली होती, पुढ्यात टोपली. कांदे चिरत होती. परात भरून वाहत होती तरी पुढचा कांदा सोलायला घेत होती.

मी आत जाऊन दुसरी सुरी आणली आणि तिच्या शेजारी बसलो. तिने न बोलता टोपली माझ्याकडे सरकवली.