चारही गोटा

मिथुनच्या गाडीच्या टायरांची अवस्था अख्ख्या सायवनला माहीत होती. माहीत मिथुनलाही होती, पण तो विषय निघाला की त्याला नेमकं दुसरंच काम आठवायचं. तलासरी नाक्यावर टायरचं दुकान चालवणाऱ्या तुक्याने त्याला कितीदा तरी खाली बसवून दाखवलं होतं, की बाबा, नक्षीच्या खाचेत ही आडवी पट्टी असते, रबर झिजून हिच्या बरोबरीला आलं की टायर संपला. मिथुन मान डोलवायचा, टायरांना काळं पॉलिश मारायचा आणि शिट्टी वाजवत घरी यायचा. दरवर्षी गाडी विवळवेढ्याला नेऊन महालक्ष्मीसमोर हार घातला, की वर्षभर टायरांकडे देवीने बघायचं, अशी त्याने परस्पर वाटणी करून टाकली होती.

त्यातून हल्ली तो प्रेमात होता, त्यामुळे खाली बघायला सवडच नव्हती. दक्षा तलासरीची. तिच्या घरी गुजराती बोलत, बाजारात मराठी, आणि मिथुनशी जे काही बोलत असेल ते त्याला गोडच लागे. तिच्या आईने, पुष्पाबेनने, एवढंच सांगितलं होतं की आधी सायवनचं घर बघीन, मग हो की नाही ते तिथेच बोलीन. ठरलेल्या दिवशी मायलेकींना आणि दक्षाच्या मामाला मिथुनच घ्यायला जाणार होता.

आदल्या दिवशी तो आनंदात घरी निघाला होता. पाऊस भुरभुरत होता. सायवनच्या अलीकडच्या उतारावर एक म्हैस आडवी आली, मिथुनने ब्रेक दाबला, आणि गाडीने ओल्या रस्त्यावर जागच्या जागी अशी काही गिरकी घेतली की थांबली तेव्हा तिचं तोंड पुन्हा तलासरीकडे होतं. म्हशीला काही झालं नाही. तिने मिथुनकडे एकदा पाहिलं आणि ती रस्ता ओलांडून गेली.

सकाळी तो बैलगाडीच्या चालीने तुक्याकडे पोचला. तुक्याने टायरांवरून हात फिरवला आणि म्हणाला, चारही गोटा झालेत, यावर होणाऱ्या सासूला बसवणार होतास काय?

आता झिजून गुळगुळीत झालेल्या टायराला आपण गोटा म्हणतो. पुष्पाबेनच्या घरी गोटा म्हणजे मेथीची गरमागरम भजी. तलासरीत हे दोन्ही गोटे एकाच रस्त्यावर मिळतात आणि आजवर कुणाचा घोटाळा झाला नव्हता. पण मिथुनने उशीर होईल हे सांगायला दक्षाला फोन लावला, दक्षा केस विंचरत होती, आणि फोन उचलला पुष्पाबेनने.

“मावशी, जरा उशीर होईल. चारही गोटा झालेत.”

पुष्पाबेनचा चेहरा उजळला. डोंगरातली माणसं, नाचणीची भाकरी पुढे करतील म्हणून ती मनात तयारी करून बसली होती. आणि हे लोक तर तिच्यासाठी गोटा करत होते. मग तिला हिशेब खटकला.

“चारच? आम्ही तीन माणसं येणार.”

“गाडीला चारच लागतात ना. पाचवा मागे पडलेला असतो, पण तो फाटलाय.”

“टाकलेत कधी?”

“सहा वर्षं झाली.”

पुष्पाबेनने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आणि ते आम्हाला देणार?”

“छे, मावशी. तुम्हाला नवेच. जुने तुक्या समुद्रावर आगरला पाठवतो, कोळी लोक होडीला बांधतात.”

फोन बंद झाला. थोड्या वेळाने दक्षाचा मेसेज आला, की आई येत नाही म्हणते, तू तिला नेमकं काय खायला घालणार होतास? मिथुनने तो वाचला, पुन्हा वाचला, आणि मग त्याच्या डोक्यात दोन्ही गोटे एकदम आदळले. गाडी जॅकवर होती, पुढचे दोन टायर बसले होते, मागचे बाकी होते. तुक्या म्हणाला, हवं तर असाच पळ, मागचे नंतर टाकू. मिथुनने किल्ली हातात घेतलीसुद्धा. मग त्याला ती गिरकी आठवली आणि तो मुकाट्याने बाकड्यावर बसून राहिला. बसल्या बसल्या त्याने घरी हर्षदाला, म्हणजे बहिणीला, फोन करून मेथी आणायला सांगितलं.

चारही टायर बसवून मिथुन पोचला तेव्हा पुष्पाबेन नवी साडी नेसून घराच्या ओट्यावर बसली होती. गोट्याच्या आशेने तिने सकाळचा नाश्ताही टाळला होता, त्यामुळे रागात भुकेची भर पडली होती. मिथुनने गाडी अगदी तिच्या पुढ्यात आणून उभी केली, नव्या टायरावर हात ठेवला आणि गोटा म्हणजे काय ते सगळं सांगितलं. दक्षा ओट्याचा खांब धरून हसत सुटली, मामाही हसले. पुष्पाबेन हसली नाही.

“सहा वर्षं चाललं. मग आजच कसे बदलले?”

मिथुनने खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण ते जमलं नाही.

“एकटा होतो तोवर चालत होतं. काल गाडी फिरली ना मावशी, तेव्हा बाजूची सीट रिकामी होती. मी त्या सीटकडेच बघत बसलो.”

पुष्पाबेनने वाकून टायराला हात लावला. नव्या रबरावरचे बारीक केस तिने बोटाने चाचपले, आणि पुढचं दार उघडून ती स्वतःच त्या सीटवर बसली. सायवनच्या अलीकडच्या उतारावर पुन्हा तीच म्हैस होती. मिथुनने ब्रेक दाबला आणि गाडी जागेवर शहाण्यासारखी उभी राहिली. मिथुनला गाणं म्हणावंसं वाटलं, पण शेजारी सासू होती, तीही अजून न झालेली.

घरी हर्षदाने मोबाइलवर बघून गोटा तळले होते. पुष्पाबेनने एक उचलला, चावून पाहिला, दुसऱ्या दाढेने पाहिला आणि तो ताटलीत ठेवला तेव्हा टण्णकन आवाज आला. मिथुनची आई पदराशी चाळा करत उभी होती.

“हे तुमच्या मराठीतले गोटे झाले,” पुष्पाबेन म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली. “शिकवायला दक्षाला इथेच ठेवावं लागेल.”