परत येणाऱ्यांची पट्टी

“नव्या माणसाकडे सगळेच बघतील गं. परत येणाऱ्याकडे लक्ष ठेव,” मला शिवून झाल्यावर दातांनी दोरा तोडत दुरुस्तीवाली मावशी म्हणाली होती. मी ते कानाआड केलं. पट्टीला कान कुठले, अशी सबब सांगता येईल. पण ऐकू मात्र अगदी स्पष्ट आलं होतं.

मित्रांनो, मी एक जुनी हिरवी पट्टी आहे. दंडाला बांधायची. रुग्णालयांच्या चादरी, अभ्रे आणि डॉक्टरांचे झगे जिथे धुतले जातात, अशा एका मोठ्या धुलाई कारखान्यात माझा जन्म झाला. खरं तर पुनर्जन्मच म्हणायला हवा. आधी मी शस्त्रक्रियेच्या टेबलावरची चादर होते. धुऊन धुऊन मधोमध विरले, तेव्हा मावशीने माझा धड राहिलेला काठ कापून घेतला, चार पदरी शिवला आणि टोकांना बंद लावले.

मला काम दिलं ते एचआर मॅडमनी. माणसं निवडणं, त्यांना काम शिकवणं, त्यांच्या रजा, तक्रारी, बढत्या, निरोप, सगळं त्यांच्याकडे असे. त्यांनी नियम केला की नवीन येणाऱ्याच्या दंडाला पहिला महिनाभर मी असेन. ज्याच्या दंडाला मी, त्याने कोणालाही काहीही विचारावं आणि समोरच्याने हातातलं काम थांबवून उत्तर द्यावं. त्याच्या वेगाची मोजणी नाही. ओल्या चादरी ज्यांच्यामधून दाबून निघतात, त्या तापलेल्या रुळांच्या मोठ्या इस्त्रीवर त्याला एकट्याला उभं करायचं नाही. आणि जेवताना तो एकटा बसलेला दिसला, तर बोलणी मुकादमांनी खायची.

“माणूस निवडला की आपलं काम संपत नाही, मुकादम,” मॅडम म्हणत. “तो टिकला पाहिजे, आणि संध्याकाळी धडधाकट घरी गेला पाहिजे.”

“टिकेल की. चादरींच्या घड्याच तर घालायच्यात,” मुकादम पुटपुटत. पण नियम पाळत.

किती दंड पाहिले मी! कोणी मला लाजून बाहीखाली दडपत असे, तर कोणाला महिना संपल्यावरही मी सोडवत नसे. पाहुणे आले की मॅडम मला कौतुकाने दाखवत, आणि मी इस्त्री केल्यासारखी ताठ व्हायची. मला वाटायचं, मी असताना इथे कोणालाही एकटं वाटणार नाही.

त्याच कारखान्यात एक बाई होती. तिच्या हातांच्या चपळाईमुळे सगळे तिला ‘झटपट’ म्हणत. कधीकाळी तिनेही मला बांधलं होतं. पुढे ती बाळंतपणाच्या रजेवर गेली. ती घरी असताना जुनी इस्त्री गेली आणि त्या जागी नवी, दुप्पट लांबीची आली.

झटपट परत आली त्या सकाळी तिच्याभोवती घोळका जमला. बाळ कोणावर गेलंय? रात्री झोपू देतं का? अशा गप्पांत भोंगा वाजला आणि झटपट आपल्या नेहमीच्या जागी, नव्या इस्त्रीसमोर जाऊन उभी राहिली. कोणाला काही खटकलं नाही. ती तर आपलीच होती.

तेव्हा मी ड्रायव्हरकाकांच्या दंडाला होते. आयुष्यभर ट्रक चालवून ते उतारवयात इथे लागले होते. प्रत्येक गोष्ट मोठ्याने विचारायचे. “हे बटण कशाचं? हात कुठवर न्यायचा? थांबवायचं कुठून?” सगळे हसायचे, पण सांगायचे. शेजारी उभी असलेली झटपट मला दिसत होती. विचारण्यासाठी ती मान वळवायची आणि तोंड मिटून परत सरळ बघायची. जेवणाच्या सुट्टीत सासूबाईंनी पाठवलेला बाळाचा फोटो मोठा करकरून बघायची, डबा तसाच राहायचा.

आणि एका दुपारी ओल्या चादरीचं टोक दुमडलं आणि रुळाभोवती गुंडाळायला लागलं. जुन्या इस्त्रीला गुडघ्याशी एक दांडा होता, तो दाबला की यंत्र थांबायचं. झटपटचा गुडघा सवयीने तिकडे गेला. तिथे काहीच नव्हतं. चादर ओढून काढायला तिचा हात रुळांकडे गेला, इतक्यात काकांनी डोक्यावरची लाल दोरी खेचली. यंत्र कण्हत थांबलं. तिची बोटं वाचली, नुसती पोळली.

“झटपट! आठ वर्षं झाली तुला,” मुकादम धावत आले. “दोरी कुठे असते, हे आता मी सांगायचं का?”

“मला सांगितलंत ना?” काका म्हणाले.

“तुम्ही नवीन आहात. ती काय नवीन आहे?”

मला मावशीचे शब्द आठवले आणि माझे चारही पदर गार पडले.

झटपट नळाखाली बोटं धरून उभी होती. “मी सोडते, काका. बाळाला घ्यायला मला दोन्ही हात लागतात.”

“सोडायचं तर सोड. पण आधी विचारून तर बघ. तोंड काय फक्त बाळाशी बोबडं बोलायला आहे?”

ती रडता रडता हसली. मग पदराने तोंड पुसलं. “चला माझ्याबरोबर. एकटी गेले तर पुन्हा गप्प बसेन.”

मॅडमच्या खोलीत मुकादम आधीच तक्रार घेऊन उभे होते. झटपट खुर्चीवर बसली नाही. “मॅडम, मला पट्टी द्या.”

“अगं, ती नव्या लोकांसाठी आहे.”

“मी नवीनच आहे. यंत्र नवीन, माझी झोप नवीन, डोक्यात सारखं घर असतं, तेही नवीन.”

“आता काय बालवाडीत जाणार का?” मुकादम म्हणाले.

“जाईन. घरी एक आहेच, सोबत होईल.”

मॅडमना हसू आलं, पण त्या घुटमळल्या. “लोक म्हणतील, आठ वर्षं पुसली गेली.”

“आठ वर्षं माझ्या हातात आहेत, मॅडम. ती कुठे जाणार? हात तेवढे राहायला हवेत.”

मॅडम मुकादमांकडे वळल्या. “मुकादम, आपले ट्रॉलीवाले दादा पाठीचं ऑपरेशन करून परत आले होते. आठवड्यात सोडून गेले. आपण त्यांच्या जागी दुसरा माणूस घेतला. का गेले, हे आपण विचारलं होतं?” मुकादमांनी नकारार्थी मान हलवली. मॅडमनी तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडून दादांचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. “काही नाही हो मॅडम. ट्रॉली ओढवत नव्हती. जुना माणूस, सांगायची लाज वाटली.”

काकांनी माझी गाठ सोडली. “ही बांधा हिला. मला विचारायला पट्टी लागत नाही.”

त्या दिवसापासून नियम बदलला. लांबच्या रजेवरून जो परत येईल, त्यालाही पट्टी आणि सोबतीला एक माणूस. झटपटने माझ्यासह पहिलं काम केलं ते म्हणजे लाल दोरी स्वतः ओढून पाहिली. मग पुन्हा ओढली. मुकादमांनी कपाळाला हात लावला, पण तिला अडवलं नाही. महिना संपला तेव्हा तिचे हात पुन्हा चादरींवर पूर्वीसारखे भिरभिरत होते. पुढे तीच नव्यांना शिकवू लागली.

आता मी म्हातारी झाले आहे. मॅडम निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेले साहेब नव्या लोकांना पडद्यावर चित्रफीत दाखवतात. चित्रफीत छान आहे, पण तिला प्रश्न विचारता येत नाही. मी कपडे बदलायच्या खोलीत एका खिळ्यावर धूळ खात असते.

गेल्या आठवड्यात मुकादम परत आले. हृदयाचं दुखणं होतं, म्हणून बरेच महिने घरी होते. सगळ्यांनी तब्येत विचारली आणि सगळे कामाला लागले. मुकादम खिळ्यासमोर आले. त्यांचा हात माझ्याकडे उठला, तेवढ्यात पावलं वाजली आणि त्यांनी तोच हात डोक्यावरच्या टोपीला लावला.

दारात झटपट उभी होती. “मुकादम, इस्त्री कुठून थांबवायची?”

“वरच्या दोरीने. मला शिकवतेस?”

“दोरी काढली. आता खांबावर बटण आहे.”

तिने माझी धूळ झटकली. मुकादमांनी दंड पुढे केला. माझे बंद विरले आहेत, पण गाठ घट्ट बसली. शिवण असेपर्यंत मी सुटणार नाही.

मित्रांनो, मला खिळ्यावरून स्वतः उतरता येत नाही. तुम्हाला बाकावरून उठता येतं. आजारपणानंतर तुमच्या वर्गात परत आलेलं कोणी आहे का? बरं दिसतं, हसतं, म्हणून सोडून देऊ नका. घरातही आई मोठ्या रजेनंतर नुकती पुन्हा कामावर जायला लागली असेल. आज तिच्याजवळ बसा आणि विचारा, “तुला तिथे काय माहीत नाही, आणि विचारायची लाज वाटते?” ती “काही नाही रे” म्हणेल. मग पुन्हा एकदा विचारा.