कडकबाईंची कॉफी

"आई, हे प्यायचं की चमच्यानं खायचं?"

लेकीनं कप तिरका केला. आतली कॉफी कडेपर्यंत सावकाश सरकत आली आणि तिथेच थबकली. बाईंनी कप तिच्या हातून घेतला, हुंगला, खिडकीजवळ नेऊन उजेडात पाहिला. मोगऱ्याचा वास बरा येत होता, रंगातही काही खोट नव्हती. मग त्यांचं लक्ष ओट्यावरच्या फडक्याकडे गेलं. त्यांनी ते उचललं, बोटांत चुरगळलं आणि मटकन खुर्चीवर बसल्या. फडक्याला खळ होती. फुलांचं पाणी त्यांनी त्यातूनच गाळलं होतं आणि तसंच उकळत्या दुधात ओतलं होतं.

खळ नसलेलं फडकं त्या घरात शोधून सापडलं नसतं. पडदे, उशांचे अभ्रे, हातरुमाल, भांडी पुसायचे पंचेसुद्धा कडक. एकतीस वर्षं बाईंनी इस्पितळाच्या धुलाईघरात इस्त्री केली होती. त्यांच्या हातून निघालेला डॉक्टरांचा कोट खुंटीशिवाय उभा राहतो असं तिथले लोक म्हणायचे. कडकबाई हे नाव तिथलंच. ते अर्धं कोटांमुळे पडलं होतं आणि अर्धं स्वभावामुळे, आणि दोन्ही अर्धी बाईंना मान्य होती.

लेक पोट धरून हसत होती. हसण्याचा भर ओसरल्यावर तिनं डोळे पुसले आणि आईकडे पाहिलं. आईचा चेहरा पडला होता. असा चेहरा तिनं फार वर्षांत पाहिला नव्हता.

"अगं, सरळ विचारून टाक ना त्यांना," ती हळू आवाजात म्हणाली. "मधे ही कॉफी कशाला?"

"रिकाम्या हातानं कसं विचारायचं?" बाई म्हणाल्या. "आणि हातात दिवस किती उरलेत? आज बुधवार."

ज्यांना विचारायचं होतं ते पंपवाले. धुलाईघराच्या तळघरात बॉयलरला पाणी चढवणारा एक म्हातारा पंप होता आणि तो दर पंधरा दिवसांनी रुसायचा. मग पंपवाले यायचे. पंप उघडायचे, साफ करायचे, आणि गरम पाणी वर येईपर्यंत बाईंच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर टेकायचे. असं वीस वर्षं चाललं. दोघांचेही जोडीदार फार लवकर गेलेले, दोघांनीही एकेक मूल एकट्यानं वाढवलेलं. बोलायला विषय भरपूर होते, पण पंपवाल्यांना एक गोष्ट सांगायला फार आवडायची आणि बाईंना ती ऐकायला. तरुणपणी एका बड्या हॉटेलात ते पंप बसवायला गेले होते आणि तिथे त्यांना फुलांची कॉफी मिळाली होती. फुलांची! एक घोट घेतला की बाग आठवायची म्हणे. दर वेळी त्या कॉफीत काहीतरी भर पडायची. कधी वर साय असायची, कधी कपाला सोनेरी कड असायची. फुलं बहुतेक वेळा पांढरी असायची, एकदा मात्र जांभळी झाली होती. बाईंच्या ते ध्यानात आलं, पण माणूस रंगात आलाय, कशाला टोकायचं, म्हणून त्या गप्प बसल्या.

पुढे बाई निवृत्त झाल्या, मागोमाग पंपवालेही झाले. तेव्हापासून ते दर रविवारी चार वाजता हत्यारांची पिशवी घेऊन बाईंच्या घरी यायचे आणि काहीतरी दुरुस्त करून जायचे. वर्षभरात त्या घरातला एकही नळ गळका राहिला नव्हता. शेवटचे दोन तर बाईंनी स्वतःच सैल करून ठेवले होते, पण हे त्यांनी लेकीलासुद्धा सांगितलं नव्हतं.

आणि मागच्या रविवारी नळ आवळता आवळता पंपवाले म्हणाले की मुलानं कायमचं बोलावलंय, दूरच्या शहरात, आठ दिवसांनी सोमवारची गाडी आहे. बाईंच्या तोंडातून निघून गेलं, "बरं झालं. म्हातारपणी आपल्या माणसांत असावं." पंपवाल्यांनी मान हलवली, पिशवी उचलली आणि नेहमीपेक्षा लवकर निघून गेले. बाई त्या रात्री स्वतःच्या जिभेला शिव्या देत झोपल्या. इथेच राहा, माझ्याजवळ राहा, एवढंच तर म्हणायचं होतं. एकतीस वर्षं ज्या बाईला मोठमोठे डॉक्टर वचकून होते, तिला हे एक वाक्य जमलं नव्हतं.

सोमवारी त्यांनी बाल्कनीतल्या कुंडीतला मोगरा खुडला आणि कॉफीला हात घातला. पहिल्या दिवशी फुलं पाण्यात घालून चांगली खळखळून उकळली. घरभर पालेभाजी शिजल्याचा वास सुटला आणि कॉफी काढ्यासारखी कडू झाली. मंगळवारी आच कमी केली, तर कडूपणा गेला, पण वासही गेला. आणि आज ही खळ.

लेक आपल्या घरी गेल्यावर बाई नेहमीप्रमाणे कपाटातल्या चादरी लावायला बसल्या. त्या आधीच नीट लावलेल्या होत्या, पण बाई रागावल्या की चादरी लावत. वरची चादर काढली तसा गोड वास आला. घड्यांच्या मधे त्या नेहमी मोगऱ्याची चार फुलं ठेवत, ही धुलाईघराची रीत. नव्या मुलींना त्या पहिल्याच दिवशी बजावायच्या की वासाचं पाणी इस्त्रीच्या आधी मारायचं नाही, तापल्या लोखंडाखाली वास जळून जातो. वास कापडाला शेवटी लावायचा, गार असताना, आणि घाई करायची नाही. शेकडो मुलींना शिकवलेली गोष्ट आपण तीन दिवस भगुल्यात उकळत होतो, हे लक्षात आल्यावर बाईंनी कपाळावर हात मारला आणि मग एकट्याच मोठ्यानं हसल्या.

बरणी स्वच्छ धुऊन उन्हात कोरडी केली. तळाला साखर, वर फुलं, पुन्हा साखर, पुन्हा फुलं, अगदी चादरींच्या घड्या रचाव्यात तशा, आणि वर घट्ट झाकण. दुसऱ्या दिवशी जुनी फुलं काढून ताजी घातली. कुंडीतली संपली म्हणून लेकीनं शाळा सुटल्यावर बाजार पालथा घालून ओंजळभर आणली. ती शाळेत शिक्षिका होती आणि तिला प्रत्येक गोष्टीला गुण द्यायची सवय होती. शनिवारी तिनं चिमूटभर साखर जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि आणखी एक चिमूट घेतली. गुण द्यायचे राहूनच गेले.

"आता उद्या गप्प बसू नकोस म्हणजे झालं," जाताना ती एवढंच म्हणाली.

रविवारी बरोबर चारला पंपवाले आले. अंगात ठेवणीतला शर्ट, हातात पिशवी नाही. हत्यारं बांधून टाकली म्हणाले. सवयीनं त्यांची नजर नळाकडे गेली, नळ ठणठणीत होता, मग त्यांना कुठे बसावं ते कळेना. बाईंनी खुर्ची पुढे केली. दूध तापवलं, कॉफी केली, गॅस बंद केला आणि सगळं शांत झाल्यावर बरणीतली साखर दोन चमचे घालून ढवळली. वास दरवळत खोलीभर पसरला. पंपवाल्यांनी एकदम मान वर केली.

त्यांनी पहिला घोट घेतला. बाई उभ्याच होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळून गुंडाळून दोरीसारखं झालं होतं.

"तीच का?" त्यांनी विचारलं.

पंपवाल्यांनी कप खाली ठेवला. "खरं सांगू बाई? मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"मी ती प्यालोच नव्हतो कधी."

मग त्यांनी खालमानेनं सगळं सांगितलं. हॉटेलात ते जिन्याखालच्या पंपाच्या खोलीत काम करत होते. वरून वेटर ट्रे घेऊन जायचे आणि तो वास खाली यायचा. एकदा त्यांनी एकाला विचारलं, काय आहे हो ते? तो म्हणाला, फुलांची कॉफी, आणि निघून गेला. खाली कामगारांसाठी कुणी काही आणलं नाही, आणि मागायची त्यांची हिंमत झाली नाही. आठ दिवस नुसता वास घेतला. पुढे कधीतरी स्टुलावर बसल्या बसल्या बाईंना सांगायला गेले, तर बाईंनी इस्त्री बाजूला ठेवून विचारलं, चव कशी होती? वास घेतला फक्त, असं सांगायची त्यांना लाज वाटली.

"म्हणून फुलं एकदा जांभळी झाली," बाई म्हणाल्या.

"फुलं बघितलीच कुठं होती? पण तुम्ही इतकं मन लावून ऐकायचात. माझं एवढं ऐकणारं दुसरं कोण होतं?"

बाईंना आधी राग आला. वीस वर्षं हा माणूस आपल्याला बनवत होता आणि आपण त्यापायी आठवडाभर स्वयंपाकघर डोक्यावर घेतलं. मग जिन्याखाली नाक वर करून उभा असलेला तरुण मुलगा त्यांच्या डोळ्यांसमोर आला आणि राग कुठल्या कुठे गेला.

"मग ही पहिलीच?"

"पहिलीच," ते म्हणाले. कप उचलून त्यांनी तळापर्यंत संपवला, कशी झाली ते सांगायला तोंड उघडलं आणि एवढा गोष्टीवेल्हाळ माणूस, पण त्यांना काहीच सुचेना. त्यांनी रिकामा कप तेवढा पुढे केला. बाईंनी दुसरी कॉफी करून दिली आणि या वेळी त्यांच्या समोरच बसल्या.

"मागच्या रविवारी मी बरं झालं म्हणाले, ते खोटं होतं," त्या म्हणाल्या. "मला अजिबात बरं वाटलं नाही. जाऊ नका. इथे राहा, माझ्याजवळ. लोकांना काय सांगायचं ते मी बघते."

पंपवाले हातावरचे ग्रीसचे जुने डाग अंगठ्यानं घासत राहिले, जणू ते डाग आत्ता निघणार होते. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि मुलाला लावला.

"हां, मी बोलतोय. उद्याचं तिकीट रद्द कर बाबा. नाही, तब्येत चांगली आहे. इथे एक काम निघालंय, पंपाचं, जरा मोठं..." ते बोलता बोलता थांबले. बाईंकडे पाहिलं. खुर्चीत सरळ बसले. "नाही रे. काम नाही कसलं. इथे एक बाई आहेत, त्या मला थांबा म्हणाल्या. मला आजवर असं कुणी म्हटलं नव्हतं. आणि मलाही थांबायचंय."

पलीकडून मुलगा एकामागून एक प्रश्न विचारत होता. पंपवाले न अडखळता एकेकाचं उत्तर देत होते, वयाचं, घराचं, कधीपासूनचं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरत चाललं होतं. बाईंना कुठे बघावं कळेना, म्हणून त्या टेबल आवरायला उठल्या आणि कपाकडे हात नेला. फोन कानाला तसाच धरून पंपवाल्यांनी दुसरा तळहात कपावर झाकला. तळाशी अजून घोटभर उरली होती.