वाडी रिकामी नाही

आमच्या सावरखिंडीत नवं शहर येणार हे कळलं तेव्हा मला आनंदच झाला होता. २००६ सालचा जानेवारी असेल. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सूचना लागली की आमच्यासह चार गावांची जमीन हरित पट्ट्यातून काढून रहिवासाच्या पट्ट्यात घालायचा प्रस्ताव आहे. कुणाची हरकत असेल तर लेखी कळवावी. एका बांधकाम कंपनीला तिथं बंगले, इमारती, शाळा, दवाखाना असं सगळं उभारायचं होतं.

मी माहेरची उल्हासनगरची. इथं पोर तापलं तरी शहापूर गाठावं लागायचं. माझा नवरा नरेंद्र मुंबईत नोकरीला. तो पहाटे आटगाव स्टेशनाकडे सायकल काढायचा आणि परतायचा तोवर आमचा बुद्धभूषण झोपलेला असायचा. पोराला बाप दिसायचा तो रविवारी. शहरच दाराशी आलं तर नोकरीही दाराशी येईल, असं मला वाटायचं. नरेंद्रलाही तसंच वाटत होतं.

सासूबाई, म्हणजे गीताबाई, तेवढ्यानं हुरळल्या नाहीत. "आधी नकाशा बघू," त्या म्हणाल्या. "कुठं काय येनार ते कळल्याबिगर हो तरी कसं म्हनायचं आन नाय तरी कसं म्हनायचं?"

नकाशा शहापूरला बघायला ठेवला होता. आम्ही दोघी गेलो. सासूबाईंना वाचता येत होतं, पण बारीक अक्षर दिसत नव्हतं, म्हणून मी बोट ठेवून सांगत गेले. हा रस्ता, हा आपला विहार, हे आपलं शेत. ओहोळाच्या वरच्या अंगाला निळा रंग भरला होता. ओहोळ अडवून तिथं तलाव करणार होते, शहरातल्या लोकांना भोवती फिरायला.

"आन वाडी?" सासूबाईंनी विचारलं.

मी दोनदा शोधलं. वाडी कुठंच नव्हती. जिथं वाडी, तिथंच तलाव होता.

वाडी म्हणजे गावाच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी असलेली कातकऱ्यांची घरं. कुडाच्या भिंती, वर कौलं नाहीतर पेंढा. पायाखालची जमीन त्यांच्या नावावर नाही, पण चार पिढ्या तिथंच. दिवाळी झाली की सगळी वाडी वीटभट्ट्यांवर कामाला जाते आणि पावसाच्या तोंडाशी परतते. कंपनीचे मोजणीदार आले ते नेमके हिवाळ्यात. त्यांना दारं बांधलेली दिसली, माणूस दिसलं नाही. जागा पडीक, वस्ती नाही, असं लिहून ते निघून गेले होते.

रात्री नरेंद्र जेवायला बसला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "माझ्या सासऱ्याचं घरबी गावाच्या भायेरच होतं. भायेर ठेवलेल्या मानसाला इसरायला येळ लागत नाय."

नरेंद्र म्हणाला की वाडीला दुसरीकडे जागा देतील, सगळीकडे देतात. सासूबाईंनी विचारलं, नकाशात जे नाहीच, त्याला जागा कोण देईल?

पंचायतीत बैठक झाली. दामू भोईर यांची सर्वांत जास्त जमीन रस्त्याला लागून, त्यामुळे त्यांचा शब्द मोठा. ते म्हणाले, भातानं आजवर कुणाचं भलं केलं नाही, पोरं शेतात उतरत नाहीत, शहर येतंय तर येऊ द्या. त्यांचं अगदी खोटं नव्हतं. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. सासूबाईंनी कुणाशी वाद घातला नाही. एवढंच म्हणाल्या की हरकतींची सुनावणी ठाण्याला न होता गावात व्हावी, म्हणजे ज्याला जे बोलायचं ते तो बोलेल. याला मात्र कुणी नाही म्हणालं नाही. ठाण्याला जायची हौस कुणालाच नव्हती.

अर्ज नरेंद्रनं लिहिला. नगररचनेच्या अधिकारी बाई ठाण्याला बसायच्या. आईला घेऊन रजा टाकून तो त्यांच्याकडे गेला. बाईंनी ऐकून घेतलं आणि गावात यायला तयार झाल्या. कोणता वार सोयीचा, असं त्यांनी विचारलं तेव्हा सासूबाईंनी लगेच गुरुवार सांगितला. नरेंद्रला कारण कळेना. कारण असं की भट्टीवर गुरुवारी बाजाराची सुट्टी असते.

मग सासूबाई आणि मी पडघ्याच्या बाजूला भट्ट्यांवर वाडी शोधत फिरलो. दोन ठिकाणी आमची माणसं नव्हती. तिसऱ्या भट्टीवर निर्मला दिसली. ती चिखल तुडवत होती, केसांपर्यंत लाल झालेली. दर पावसाळ्यात ती आमच्या शेतात लावणीला यायची. मी तिला कायम हसताना पाहिलेलं. तिनं आम्हाला पाहिलं आणि घाबरून विचारलं की गावात कोण गेलं.

"कोन नाय गेलं गो," सासूबाई म्हणाल्या आणि विटांच्या थप्पीला टेकून सगळं सांगितलं.

वाडीतला वडीलधारा माणूस म्हणजे जाणू. तो ऐकत होता. त्याचं म्हणणं, साहेबलोकांपुढं आपल्या बोलण्यानं कधी काही झालंय का? आपण गेलो, बोललो आणि चिडून त्यांनी उद्याच हुसकलं तर? निर्मलाचा नवरा गुणा विटा थापतच राहिला. सासूबाईंनी आग्रह केला नाही. निघताना निर्मलाला एवढंच म्हणाल्या, "मी तुमच्यासाठी बोलेन. पन मी बोलले तर ती गीताबायची हरकत व्हईल. तुमची नाय."

निर्मला पुन्हा चिखलात उतरली. घरी येताना मला वाटलं, कुणी येणार नाही.

गुरुवारी सकाळी विहाराच्या अंगणात मांडव घातला. बुद्धपूजेची सतरंजी आमच्या बायकांनी झटकून अंथरली. मी चहाचं पातेलं ठेवायला मागं गेले आणि सहज डोंगराकडे पाहिलं. वाडीवरून धूर वर चढत होता. एका घरातून नाही, बहुतेक सगळ्याच घरांतून.

मी सासूबाईंना हाक मारली. त्या आल्या, पाहिलं आणि पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. आदल्या संध्याकाळी काम सुटल्यावर टेम्पो करून सगळे आले होते. पहाटे बायकांनी अंगणं सारवली होती.

अधिकारी बाई आल्या, कंपनीचे दोन साहेब आले. विहारात वाडीची माणसं आजवर कधी आली नव्हती. ती मांडवाबाहेर उन्हातच उकिडवी बसली. नरेंद्र उठला, जाणूचा हात धरून त्याला आत आणलं आणि सतरंजीवर आपल्या शेजारी बसवलं. मग बाकीचे आले.

आधी गावकरी बोलले, कोणी बाजूनं, कोणी विरुद्ध. सासूबाईंनी आपली हरकत सांगितली. कंपनीचे साहेब म्हणाले की ही माणसं वर्षातला बराच काळ बाहेर असतात, पण माणुसकी म्हणून त्यांना कडेला खोल्या देऊ. मग बाईंनी वाडीच्या लोकांकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "तुम्ही सहा-सहा महिने इथं नसता. मग ही वस्ती कशी म्हणायची?"

जाणू उठायला लागला, पण त्याच्याआधी निर्मला उठली.

"बाई, ह्यो नरेंद्रदादा दिसभर मुंबयला असतो," ती म्हणाली. "त्याचं घर कोन रिकामं धरतं का? आमी पोटासाठी जातो. भट्टीवर कोन मेलं तर तिथं पुरत नाय, हितं आनतो. माजी पोरगी हितं हाय."

ती खाली बसली. गुणानं तिच्या पाठीवर हात ठेवला. बाईंनी काही लिहिलं नाही. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चला, मला दाखवा."

सगळा मांडव त्यांच्यामागून वाडीवर गेला. घरं पाहिली, ओहोळाचं बारमाही वाहणारं पाणी पाहिलं, दगड रचलेली पुरण्याची जागा पाहिली. दामू भोईर बराच वेळ ओहोळाकाठी उभे होते. तलावाचा बांध कुठं घालणार, असं त्यांनी कंपनीच्या साहेबांना विचारलं. साहेबांनी जागा दाखवली. मग ते बाईंजवळ आले.

"रस्त्याकडची माझी जमीन मी इकनार, त्यात बदल नाय," ते म्हणाले. "पन ओहोळ कोनाच्या सातबाऱ्यात नाय. तो हितं अडवला तर खालच्या सगळ्यांचं भात जाईल. माझीबी हरकत लिवा."

दामूभाऊंचं ऐकून आणखी पुष्कळांनी नावं दिली. दुपारनंतर वाडी पुन्हा टेम्पोत बसून भट्टीवर गेली.

निकाल पावसाळा उलटल्यावर लागला. ओहोळ, वाडी आणि वरचा सगळा उतार हरित पट्ट्यातच राहिला. रस्त्याकडचा भाग तेवढा रहिवासात गेला. कंपनीचं शहर आक्रसून छोटी वसाहत झाली. शाळा आलीच नाही. दवाखाना मात्र आला, लहानसा, आणि मला त्याचं बरंच वाटलं. नरेंद्र अजून पहाटेच निघतो. पण निकालापाठोपाठ वाडीची मोजणी करून ती गावठाणात घ्यायची शिफारस झाली, आणि त्या वर्षी दिवाळीनंतर निम्मी वाडी भट्टीवर गेलीच नाही. मोजणीच्या वेळी घरात माणूस पाहिजे, असं निर्मला म्हणाली. त्याच काळात तिनं हरेशला, आपल्या मुलाला, गावच्या शाळेतही घातलं.

सरकारी मोजणीदार आला तेव्हा सासूबाई आणि मी वर गेलो होतो. त्यानं साखळी टाकली, खुणा रोवल्या आणि वहीत लिहिता लिहिता विचारलं, "वाडीचं नाव काय?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आजवर गावानं नुसतं वाडी म्हटलं होतं, आणि ते स्वतः नुसतं घर म्हणायचे. गुणाला आपल्या आज्याचं नाव द्यायचं होतं. दुसऱ्यांचेही आजे होतेच, त्यामुळे वाद सुरू झाला. बायका हसायला लागल्या. मोजणीदार दगडावर बसला आणि त्यानं पाणी मागितलं.

शेवटी निर्मला म्हणाली, "हितं भोकराची झाडं लई. भोकरवाडी लिवा."

कोणी हरकत घेतली नाही. त्यानं लिहिलं. जाणूनं त्याला ते परत एकदा मोठ्यानं वाचायला लावलं.